शिपायांच्या शेकोटीभोवतीचं संगीत: अमेरिकन यादवी युद्धातली गाणी वाजवायला शिकताना

१८६१ ते १८६५ अशी चार वर्षं अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण एकमेकींशी लढत होती. त्या युद्धातलं सरकारी संगीत म्हणजे बिगुल, ढोल, फाइफ नावाची लहान आडवी बासरी आणि ब्रास बँड. हुकूम पोचवायला, कवायतीला, कूच करायला ते लागायचंच. पण रात्री छावणीत जे वाजायचं ते शिपायांचं स्वतःचं होतं. कुणी घरून फिडल म्हणजे व्हायोलिन आणलेलं असे, कुणाकडे बॅन्जो, कुणाकडे खंजिरीसारखी टॅम्बरीन, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो जनावराच्या बरगडीची दोन हाडं घासून-पुसून ठेका धरायचा. हिवाळ्यात रस्ते चिखलाने बंद झाले की फौजा एकाच जागी मुक्काम ठोकून राहायच्या आणि करमणूक आपली आपणच करावी लागायची. त्यात जुलै १८६२ मध्ये उत्तरेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, खर्च वाचवण्यासाठी पलटणींचे बँड मोडून फक्त ब्रिगेडचे, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या तुकडीचे, ठेवले. तेव्हापासून तंबूतल्या या हौशी वादकांचं मोल वाढलंच असणार.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात व्हायोलिन, हार्मोनियम, गिटार असं काहीतरी शिकलेले आणि या संगीताची ओढ लागलेले. दुसरे, व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनियात राहणारी मराठी मंडळी. यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरापासून एखादं रणांगण गाडीने तासाभरावर आहे, आणि तिथे ही गाणी आजही वाजवली जातात.

माझं सांगणं एवढंच आहे की नुसत्या छापील नोटेशनवरून हे संगीत उभं राहत नाही. त्या काळचा कागद, त्या काळच्या बांधणीचं वाद्य आणि पिढ्यांमधून कानावरून उतरलेली चाल, या तिन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: वाद्य विकत घेण्याआधी ऐका

युद्धाच्या काळातलं ध्वनिमुद्रण मिळणं शक्यच नाही. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. तरीही दोन ठिकाणी आपला कान त्या काळाच्या फार जवळ पोचतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ३० जून १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी झालेलं फिडलचं मुद्रण. दोन वादक होते, एक्क रॉबर्टसन आणि हेन्री गिलिलँड. गिलिलँड १८४५ साली जन्मलेले, दक्षिणेच्या फौजेतून लढलेले. रिचमंडला जुन्या सैनिकांचं संमेलन होतं, तिथून हे दोघे थेट न्यूयॉर्कला जाऊन धडकले. त्या दिवशी वाजवलेलं ‘अर्कान्सॉ ट्रॅव्हलर’ आज मोफत ऐकता येतं, कारण १९२३ पूर्वीची अमेरिकन ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून सर्वांसाठी खुली झाली. युद्धात स्वतः असलेल्या माणसाचा गज आपण ऐकतो आहोत, हे लक्षात ठेवून ऐका. खरखर खूप आहे, पण दोन-तीनदा ऐकलं की कान तिच्या पलीकडे जातो.

दुसरं ठिकाण हेन्री रीड. हे व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावचे वादक (१८८४ ते १९६८). अॅलन जॅबर नावाच्या तरुण अभ्यासकाने १९६६-६७ मध्ये त्यांच्या घरी जाऊन दीडशेहून जास्त धुना टिपून घेतल्या. रीड यांनी त्यातल्या काही लहानपणी क्विन्स डिलियन या म्हाताऱ्या वादकाकडून उचलल्या होत्या, आणि डिलियन मेक्सिकन युद्धात आणि नंतर यादवी युद्धात फाइफ वाजवणारे शिपाई होते. म्हणजे मधे एकच माणूस. हा सगळा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहे, जॅबर यांनी लिहिलेल्या टिपांसकट. त्या टिपा वगळू नका. गज कुठे वळतो, कुठली सुरावट दुसऱ्या कुठल्या धुनेतून आली, हे ते इतकं बारकाईने सांगतात की तेवढ्यावर एखाद्या वर्गाचं शिक्षण होतं.

ऐकताना तीन गोष्टी टिपा: एकेका गजात किती स्वर बसतात, आघात सरळ पडतो की अर्ध्या मात्रेवर सरकतो, आणि दुसऱ्यांदा वाजवताना चाल कुठे बदलते.

दुसरी पायरी: हे संगीत कुणाचं, ते आधी समजून घ्या

ही पायरी गाळून पुढे गेलेले लोक पुढे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बॅन्जो आफ्रिकेतून आला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्याला कातडं मढवून, दांडी बसवून तो घडवला. व्हर्जिनियात अॅपोमॅटॉक्सजवळ वाढलेल्या जोएल स्वीनी या गोऱ्या तरुणाने १८३० च्या दशकात तो रंगमंचावर नेला. फेब्रुवारी १८४३ मध्ये न्यूयॉर्कला चार गोरे कलाकार तोंडाला काळं फासून एकत्र उभे राहिले: डॅन एमेटकडे फिडल, बिली व्हिटलॉककडे बॅन्जो, डिक पेल्हमकडे टॅम्बरीन आणि फ्रँक ब्राउअरकडे बोन्स, म्हणजे वर सांगितलेली ठेक्याची हाडं. या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांनी पुढची कित्येक दशकं अमेरिकेला वेड लावलं. काळ्या माणसाची टिंगल हाच त्या खेळांचा पाया होता. आणि वीस वर्षांनी छावण्यांमध्ये जो वाद्यमेळ दिसतो तो नेमका हाच चौघांचा.

जोएलचा धाकटा भाऊ सॅम दक्षिणेचा घोडदळ सेनानी जेब स्टुअर्ट याच्या तळावर बॅन्जो वाजवायचा. स्टुअर्टला संगीताशिवाय करमत नसे, त्याने सॅमला जवळच ठेवून घेतलं होतं. सॅम १८६४ च्या सुरुवातीला देवीच्या साथीत गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्टुअर्टही लढाईत मारला गेला. तंबूतल्या बॅन्जोची कहाणी सांगताना हमखास ही जोडी पुढे केली जाते. पण उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते, त्यांची गाणी सांगितल्याशिवाय ती कहाणी अर्धीच राहते. दक्षिण कॅरोलिनातल्या माजी गुलामांच्या पलटणीचा कर्नल थॉमस हिगिन्सन रात्री शेकोटीजवळ उभा राहून त्यांची गाणी ऐकायचा आणि तंबूत जाऊन लिहून काढायचा. १८६७ मध्ये विल्यम अॅलन, चार्ल्स वेअर आणि ल्यूसी मॅककिम गॅरिसन या तिघांनी गुलामांच्या गाण्यांचा स्वरलिपीसह पहिला मोठा संग्रह छापला. तो आज मोफत मिळतो. ‘रोल, जॉर्डन, रोल’ हे त्यातलं पहिलंच गाणं, तुमच्या यादीत ते असायला हवं.

आजच्या काळात हा वारसा परत हाती घेणारे काळे कलाकारही आवर्जून ऐका. २००५ मध्ये उभा राहिलेला कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा मेळ उत्तर कॅरोलिनातल्या जो थॉम्पसन या वयोवृद्ध फिडलवादकाच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून शिकला. शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

तिसरी पायरी: वाद्य निवडणं

व्हायोलिन घरात असेल तर तेच फिडल. वेगळं काही घ्यायला नको. पोलादी तारांऐवजी सिंथेटिक गाभ्याच्या किंवा परवडत असतील तर आतड्याच्या तारा लावा, आवाज लगेच मवाळ होतो. पुष्कळ जुने वादक फिडल हनुवटीखाली न धरता छातीला टेकवत आणि गज टोकाशी न पकडता थोडा वर, काडीवर पकडत. त्यामुळे गज लहान पडतो आणि नाचाला लागणारा झटका आपोआप येतो. आपल्याकडे हिंदुस्थानी किंवा कर्नाटकी पद्धतीने शिकलेल्यांना मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून वाजवायची सवय असते. तशी बैठक ठेवलीत तरी चालेल, पण मींड आणि गमक पूर्ण बाजूला ठेवा. स्वरावर थेट उतरायचं आणि थेट सोडायचं. शास्त्रीय शिकलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं.

बॅन्जो घेताना जपून. आपल्याकडे मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बॅन्जो बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, इथे त्याचा उपयोग नाही. चार तारांचा टेनर बॅन्जोही नको, तो विसाव्या शतकातला. दुकानात ‘फाइव्ह स्ट्रिंग ओपन बॅक’ असं मागा. युद्धकाळातल्या बॅन्जोच्या दांडीला बहुतेक वेळा पडदे नसत, तारा आतड्याच्या असत, लाकडी कड्यावर कातडं मढवलेलं असे. बाल्टिमोरला विल्यम बाउचर हा ढोल बनवणारा कारागीर होता. त्याने १८४० च्या दशकापासून ढोलासारखेच आकडे लावून कातडं ताणलेले बॅन्जो बनवून विकले आणि आजच्या बहुतेक प्रतिकृती त्याच्याच नमुन्यावर बेतलेल्या असतात. प्रतिकृती महाग पडत असेल तर साध्या ओपन बॅक बॅन्जोला नायलगटच्या, म्हणजे आतड्यासारख्या वाजणाऱ्या कृत्रिम, तारा लावून स्वर खाली उतरवा. सुरुवातीला एवढं पुरतं.

भारतात राहणाऱ्यांना एक वाट सुचवतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या सतारमेकरांना भोपळा, दांडी, खुंट्या आणि घोडी यांचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. कातडं मढवायला डिमडी-ढोलकीचा कारागीर हवा. या दोघांना जुन्या भोपळ्याच्या बॅन्जोचं चित्र मापांसकट दाखवलंत तर वाद्य बनायला अडचण नसावी. फक्त एवढं ध्यानात ठेवा की १८६० पर्यंत लाकडी कड्याचे बॅन्जो सर्रास झाले होते, भोपळ्याचा त्याच्या आधीच्या काळात जास्त शोभतो.

बोन्स सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात उत्तम, कारण पहिल्याच दिवशी मेळात बसता येतं. लाकडाच्या जोड्या मिळतात. सहा-सात इंचाच्या, किंचित वाकलेल्या दोन पट्ट्या, फुगीर बाजू एकमेकींकडे. एक पट्टी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे घालून तळव्याशी घट्ट दाबा, ती हलता कामा नये. दुसरी मधलं बोट आणि अनामिकेच्या मधे, सैल. आता बोटं विसरा आणि मनगट असं फिरवा की जणू हाताला लागलेलं पाणी झटकता आहात. सैल पट्टी घट्ट पट्टीवर आपटते. एका झटक्याला एक आवाज यायला लागला की मनगट जाऊन परत येताना तीन आवाज काढायचा सराव करा. ही तिहेरी टकटक सुटी-सुटी ऐकू यायला लागली की तुम्ही बोन्सवाले झालात. चिपळ्या किंवा करताल वाजवलेला हात हे लवकर पकडतो.

टॅम्बरीन मोठ्या घेराची, कमी झांजांची घ्या. गिटार नंतर पाहू. ती छावणीत होती, पण लहान आणि आतड्याच्या तारांची, आणि इतरांच्या मानाने कमी.

चौथी पायरी: बॅन्जोचा हात

इंटरनेटवर बॅन्जोचे धडे शोधलेत तर तीन बोटांची भरधाव ब्लूग्रास पद्धत आधी समोर येईल. ती १९४० च्या दशकातली, इथे नको. युद्धकाळची पद्धत ‘स्ट्रोक’ म्हणून ओळखली जाते. तर्जनीच्या नखाने तारेवर वरून खाली मारायचं. मारताना अंगठा पाचव्या, आखूड तारेवर येऊन टेकतो आणि नंतर ती तार सोडून देतो. बोट वर ओढून छेडणं फार क्वचित. हात अर्धवट मिटलेला, मनगट सैल, आणि सगळा जोर हाताच्या वजनातून.

तारा कशा लावायच्या ते थॉमस ब्रिग्जच्या १८५५ च्या शिकवणीत आहे. आपल्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचं तर चौथ्या म्हणजे सगळ्यात खर्जातल्या तारेपासून पहिलीपर्यंत: पांढरी पाच, पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा. आखूड पाचवी तार वरच्या पांढरी दोनवर. आजच्या प्रचलित ‘ड्रॉप सी’ जुळणीपेक्षा हे सगळं पाच अर्धस्वर खाली आहे, अंतरं मात्र तीच, म्हणून ड्रॉप सी येणाऱ्याला बोटं नव्याने शिकावी लागत नाहीत. या जुळणीत पांढरी पाच आणि पांढरी दोन या पट्ट्या सहज वाजतात आणि फिडलच्या लाडक्या पट्ट्याही त्याच. फिल राइसच्या १८५८ च्या पुस्तकात सगळं एक स्वर वर आहे, तिथे पांढरी सहा सोपी जाते.

ब्रिग्जचं पुस्तक साध्या स्टाफ नोटेशनमध्ये आहे, पण आजच्या वादकांनी त्याची टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांनी दाखवणारी लिपी, करून ठेवली आहेत. त्यातल्या पहिल्या पानांवरच्या छोट्या धुना अगदी संथ वाजवा. पडदे नसल्यामुळे सूर कानाने लावावा लागतो. सतारीपेक्षा सरोद ऐकलेल्यांना इथे आपलं घर सापडेल.

पाचवी पायरी: गाणी शोधणं आणि पारखणं

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला लेव्ही संग्रह ही पहिली खाण. हजारो छापील गाणी, मुखपृष्ठांसकट, संगणकावर पाहता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे एकपानी गाण्यांचे कागद आहेत. त्यांवर फक्त शब्द असतात आणि वर ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ एवढंच. शिपायाच्या खिशातल्या चोपड्याही अशाच, स्वर नसलेल्या. चाल त्याला ठाऊकच असायची. म्हणून एकाच चालीवरचे दोन्ही बाजूंचे शब्द शोधायची सवय लावा. जॉर्ज रूटचं १८६२ चं ‘बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ उत्तरेचं, पण दक्षिणेने त्याच चालीवर आपले शब्द बसवले. ‘लोरेना’ १८५७ साली उत्तरेत रचलं गेलं आणि दक्षिणेचे शिपाई ते गाऊन व्याकूळ होत.

सुरुवातीसाठी माझी निवड अशी. धुनांपैकी ‘सोल्जर्स जॉय’, अठराव्या शतकापासून चालत आलेली, आणि वर आलेली ‘अर्कान्सॉ ट्रॅव्हलर’, दोन्ही पांढरी दोनमध्ये. गाण्यांपैकी स्टीफन फॉस्टरचं १८५४ चं ‘हार्ड टाइम्स कम अगेन नो मोअर’ आणि वॉल्टर किट्रिजने १८६३ मध्ये रचलेलं ‘टेंटिंग ऑन दि ओल्ड कॅम्प ग्राउंड’. शेवटचं युद्धगाणं म्हणून ओळखलं जातं, पण त्यात लढाई संपण्याची आस आहे, आणि छावणीचा खरा सूर मला तिथेच सापडतो. एवढी चार नीट बसल्याशिवाय पाचव्याला हात लावू नका.

शब्दांबाबत ठाम राहायला हवं. मिन्स्ट्रेल गाण्यांमध्ये काळ्या माणसाची बोली मुद्दाम विद्रूप करून लिहिली आहे आणि हीन शब्द सढळ वापरले आहेत. काही वेळा गुंता असतो. हेन्री क्ले वर्क गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, त्याच्या १८६२ च्या ‘किंगडम कमिंग’मध्ये गुलाम आनंद साजरा करतात, आणि बोली मात्र तीच चेष्टेची. अशा वेळी नुसती धून वाजवा, लोकांना तिची हकिगत सांगा. तोंडाला रंग, नक्कल, बोलीचे हेल यातलं काहीही ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून करू नका. ‘डिक्सी’ १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचासाठी एमेटने बसवली आणि पुढे ती दक्षिणेचं प्रतीक झाली. तिने आजही माणसं दुखावतात, नवख्यांनी ती वाजवण्याचं काही कारण नाही.

सहावी पायरी: एकत्र बसणं

या मेळात एकेकाने पुढे येऊन तान घ्यायची पद्धत नाही. फिडल चाल वाजवतं, बॅन्जोही तीच चाल आपल्या ठेक्यात वाजवतो, आणि दोन्हींमध्ये बारीक फरक राहतो तो राहू द्यायचा. बोन्स आणि टॅम्बरीन सतत वाजत राहिले तर कान किटतात, म्हणून कडव्यात गप्प आणि ध्रुवपदात पूर्ण जोर. धून तीन-चार वेळा फिरवली की ती अंगात भिनते, त्याच्या आत थांबू नका. लय नाचाची ठेवा: कुणीतरी खरंच नाचून पाहिल्याशिवाय ती ठरत नाही.

गाण्यांच्या छापील प्रतीत कडवं एकट्याचं आणि ध्रुवपद चार आवाजांचं असतं. चार आवाज नसतील तर दोन पुरेत, एक मूळ चालीत, एक वर तिसऱ्या स्वरावर. वारीत किंवा आरतीला एकत्र गायलेल्या माणसांना गळा मोकळा सोडायला शिकवावं लागत नाही, ही आपली जमेची बाजू. हार्मोनियम लावून पट्टी धरायला हरकत नाही, नंतर ती काढून टाका.

सातवी पायरी: लोकांत जाणं

गाणी आणि जुनी पुस्तकं आता सर्वांसाठी खुली आहेत, पण आजच्या मेळांची ध्वनिमुद्रणं आणि त्यांच्या नव्या बांधण्या खुल्या नाहीत. कार्यक्रमात एखाद्याची बांधणी घेतली तर विचारून घ्या आणि नाव सांगा. व्हिडिओखाली छापील प्रतीचं साल, धून कुणाकडून ऐकली आणि कुठलं कडवं का गाळलं, एवढं लिहा. पुढच्या माणसाचं अर्धं काम होतं.

अमेरिकेत असाल तर वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हरला भरणारा अॅपलेशियन स्ट्रिंग बँड महोत्सव चुकवू नका. सगळे त्याला क्लिफटॉप म्हणतात. स्पर्धा मंचावर चालतात, पण शिकणं होतं ते राहुट्यांच्या मधे, रात्री उशिरापर्यंत. वर्तुळाच्या बाहेर बसून आधी दोन-तीन धुना ऐका, खूण मिळाली की आत सरका, येत नसेल ती धून हलक्या हाताने वाजवा. मुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. धून संपल्यावर वाजवणाऱ्याला तिचं नाव आणि ती कुणाकडून मिळाली हे विचारून लगेच वहीत उतरवून घ्या, कारण एकाच धुनेला दर खोऱ्यात वेगळं नाव असतं आणि घरी परतल्यावर ती शोधायला तोच एक धागा हातात असतो.